राजगीरचं गरम पाणी

मागच्या काही व्याख्यानांत राजघराणी, लढाया आणि ताम्रपट यांत आपण बराच वेळ घालवला. आज जरा बाहेर पडू. सहल एका दिवसाची आहे. सकाळी बोधगयेहून निघायचं, राजगीरचे अवशेष बघायचे, गरम पाण्याच्या कुंडांवर थांबायचं आणि रात्री परतायचं. बोधगयेला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी हे करतातच. अडचण एवढीच, की टूरवाले 'राजगीर-नालंदा' असं एका दमात म्हणतात. नालंदेला पोचायची घाई असते, त्यामुळे राजगीरच्या वाट्याला जेमतेम दोन-अडीच तास येतात, आणि त्यातला मोठा भाग रोपवेच्या रांगेत जातो.

आपण आज नालंदा सोडून देऊ. फक्त राजगीर, आणि तेही एक प्रश्न हातात धरून. या गावात अडीच हजार वर्षांच्या खुणा सगळीकडे पसरल्या आहेत. तट आहे, तुरुंग आहे, गुहा आहेत, स्तूप आहेत. त्यातलं जवळजवळ सगळं आपलं मूळ काम कधीच सोडून बसलंय. तटाआड कुणी लपत नाही, तुरुंगात कुणी कैदी नाही. गरम पाण्याचे झरे मात्र बुद्धाच्या काळी लोक ज्यासाठी तिथे जात होते त्याचसाठी आजही वापरात आहेत. मग या पाण्याला आपण इतिहासाचा पुरावा म्हणून वाचू शकतो का? निदान तसं वाचून बघायला काय हरकत आहे?

आधी जागा समजून घेऊ, कारण पुढचं सगळं जागेवर अवलंबून आहे. बिहारचं मैदान सपाट, त्या सपाटीत एकदम उठणारे हे डोंगर. पाच डोंगर मोजायची परंपरा आहे: वैभार, विपुल, रत्नागिरी, उदयगिरी आणि सोनगिरी. (रत्नागिरी म्हटल्यावर तुमच्यातले काही हसले असतील. आपल्या रत्नागिरीशी याचा संबंध नाही.) या डोंगरांच्या मधे एक खोलगट दरी आहे, आणि त्या दरीत मगधाची जुनी राजधानी होती. महाभारतात तिचं नाव गिरिव्रज, म्हणजे डोंगरांचं कुंपण असलेलं ठिकाण. जरासंधाची राजधानी तीच. कृष्ण, भीम आणि अर्जुन वेष पालटून इथेच आले आणि भीमानं जरासंधाला इथेच मारलं, अशी कथा. बिंबिसार आणि अजातशत्रू हे बुद्धाच्या काळातले राजे, त्यांचं राजगृह हेच.

राजधानी इथेच का झाली? संरक्षण हे उत्तर डोळ्यांनाच दिसतं. पण दामोदर कोसंबींनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधलं होतं. गंगेच्या गाळाच्या मैदानात धातू मिळत नाही, आणि मगधाच्या दक्षिणेला लोखंडाच्या आणि तांब्याच्या खनिजांचा प्रदेश लागतो. त्या वाटेवर ज्याचा ताबा, त्याच्या हातात नांगराचे फाळ आणि तलवारीची पाती. मगध बाकीच्या महाजनपदांना का पुरून उरलं, याचं हे निम्मं तरी उत्तर आहे असं आम्हाला वाटतं. कोसंबी पिता-पुत्रांची दोघांचीही गाठ आज या सहलीत पडणार आहे, ते पुढे येईलच.

तर गयेकडून आलेला रस्ता दक्षिणेच्या खिंडीतून आत शिरतो. तिला बाणगंगेची खिंड म्हणतात. इथे गाडी थांबवा. ड्रायव्हर थांबवायला नाखूष असतो, तरी थांबवा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोंगरावर चढत जाणारी दगडी भिंत दिसेल. मोठमोठे ओबडधोबड दगड, चुना नाही, माती नाही, नुसते एकावर एक बसवलेले. हा राजगीरचा बाहेरचा तट. डोंगरांच्या माथ्यांवरून तो सुमारे ४० किलोमीटर फिरतो. जाडी बहुतेक ठिकाणी पाच मीटरच्या आसपास. १९०५-०६ मध्ये जॉन मार्शल यांच्या देखरेखीखाली या अवशेषांची पद्धतशीर पाहणी झाली, तेव्हा या खिंडीजवळ भिंतीची उंची साधारण ११-१२ फूट उरली होती. सह्याद्रीतले किल्ले बघून तयार झालेल्या आपल्या डोळ्याला ही भिंत पहिल्यांदा किरकोळ वाटते. मग लक्षात येतं, की शिवकाळापेक्षा ही दोन हजार वर्षांनी जुनी आहे, आणि ती एका गडाभोवती फिरत नाही, अख्ख्या डोंगररांगेवरून चालत जाते.

जवळच खडकात गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत. खडक झिजून झिजून दोन समांतर खोल चरे पडलेत. आसपास शंखलिपीतली, अजून कुणाला न वाचता आलेली अक्षरं आहेत. गाइड सांगतो, हे श्रीकृष्णाच्या रथाचे चाकोरे. एका रथाच्या एका फेरीनं खडक झिजत नाही, हे त्यालाही माहीत असतं. बैलगाड्यांच्या कित्येक पिढ्या दक्षिणेकडून माल घेऊन या खिंडीतून आत आल्या, त्याची ही नोंद. कोसंबींचं लोखंड कुठून यायचं, याचा विचार करायला याहून चांगली जागा नाही.

पुढे उत्तरेकडे सरकत राहायचं. डाव्या-उजव्या हाताला जे लागतं ते भराभर सांगतो. एक चौकोनी दगडी आवार आहे, त्याला बिंबिसाराचा तुरुंग म्हणतात. अजातशत्रूनं बापाला इथे कोंडलं आणि कैदेतून बिंबिसाराला गृध्रकूटावर बसलेला बुद्ध दिसायचा, अशी आठवण जोडलेली आहे. मग मणियार मठ, विटांचं गोल बांधकाम. इथे नागपूजा होत होती हे उत्खननातून पक्कं झालंय, आणि महाभारतात गिरिव्रजाच्या वर्णनात मणिनागाचं नाव येतं. इथे कथा आणि खोदकाम एकमेकांना भेटतात. असं फार कमी वेळा होतं, म्हणून मुद्दाम सांगितलं. पश्चिमेला सोनभांडार नावाच्या कोरीव गुहा. बिंबिसाराचा खजिना आतल्या भिंतीमागे आहे, इंग्रजांनी तोफ डागली तरी दार उघडलं नाही, असं गाइड छातीठोकपणे सांगतो आणि भिंतीवरचा काळा डाग दाखवतो. त्याच गुहेवर एक संस्कृत लेख आहे आणि त्यात वैरदेव नावाच्या जैन मुनींनी तपस्व्यांसाठी या गुहा करवल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ज्यांनी सगळं सोडलं त्यांच्या खोलीत आपण खजिना शोधतोय.

आता नावांबद्दल. इथे प्रत्येक दगडाला दोन-तीन नावं आहेत, आणि शिकलेला प्रवासी त्यावर हसतो. वैभार डोंगराच्या उतारावर, कुंडांच्या थोडं वर, प्रचंड दगडांचा एक चौथरा आहे, पायाशी साधारण ८० फूट लांब-रुंद. लोक त्याला 'जरासंध की बैठक' म्हणतात. पुरातत्त्ववाले म्हणतात, बौद्ध ग्रंथांतलं पिप्पल घर ते हेच असावं. मार्शल यांना तो मुळात पहाऱ्याचा बुरूज वाटला. पण नावं बदलण्याची ही सवय आपल्या काळातली नाही. मज्झिमनिकायात इसिगिलि सुत्त म्हणून एक छोटं सुत्त आहे. बुद्ध राजगृहाच्या डोंगरावर भिक्षूंबरोबर आहे आणि एकेका डोंगराकडे बोट करून सांगतोय, हा वेभार बघा, याला पूर्वी दुसरं नाव होतं. हा पांडव, यालाही दुसरं नाव होतं. वेपुल्ल, गृध्रकूट, सगळ्यांची नावं बदलली. फक्त इसिगिलीचं नाव पूर्वीही हेच होतं. गंमत बघा, आजच्या पाच डोंगरांच्या यादीत इसिगिली नाहीच! जे एक नाव टिकलं असं तेव्हा सांगितलं गेलं, तेही पुढे गेलं.

म्हणून आम्ही नावांपेक्षा पाण्यावर जास्त भरवसा ठेवतो. तट, गुहा, मठ असं करत आपण आता दरीच्या उत्तर टोकाला आलोय. वैभार आणि विपुल या दोन डोंगरांमधली ही फट. जुन्या शहराचं उत्तर दार इथेच होतं. आणि दाराच्या अगदी बाहेर, वैभाराच्या पायथ्याशी, गरम पाणी.

पाली ग्रंथांत या पाण्याचं नाव तपोदा. विनयपिटकात त्याची एक गोष्ट आहे आणि ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. बिंबिसार राजा डोक्यावरून न्हायचं म्हणून तपोदेला गेला. तिथे भिक्षू आंघोळ करत होते. राजा म्हणाला, आर्यांचं होऊ दे, मग मी करतो, आणि थांबला. भिक्षूंचं आटपेना. अंधार पडेपर्यंत ते पाण्यातच. अखेर राजाची पाळी आली, पण तोवर शहराचं दार बंद झालं होतं. मगधाच्या राजाला रात्र स्वतःच्याच राजधानीबाहेर काढावी लागली. सकाळी तो तसाच, अंगाची उटी अजून गेलेली नाही अशा अवस्थेत, बुद्धाकडे आला. एवढ्या सकाळी कसे आलात, असं बुद्धानं विचारल्यावर सगळा प्रकार उघड झाला. बुद्धानं भिक्षूंना खडसावलं आणि नियम घातला: पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आंघोळ करायची नाही.

नियम घातला खरा, पण मग सवलती द्याव्या लागल्या. कडक उन्हाळ्याचा शेवटचा दीड महिना आणि पावसाळ्याचा पहिला महिना, आजारपण, अंगमेहनतीचं काम, प्रवास, वावटळ आणि पाऊस. एवढ्या वेळी आंघोळ चालेल. प्रत्येक सवलतीमागे कुणीतरी घामाघूम झालेला भिक्षू उभा दिसतो. धर्मानंद कोसंबींच्या 'बौद्धसंघाचा परिचय' या पुस्तकामुळे विनयाच्या जगाची मराठी वाचकाला घरबसल्या ओळख झाली. ज्यांनी ते पुस्तक वाचलं नसेल त्यांनी जरूर मिळवा.

आता कुणी विचारेल, ही गोष्ट खरी घडली का? आम्हाला ते ठरवता येणार नाही, आणि ठरवायची गरजही नाही. विनयातल्या कथा नियमांना कारण देण्यासाठी रचल्या गेल्या असतील. पण गोष्ट रचणाऱ्याला जागा माहीत होती, हे मात्र दिसतं. गोष्टीचा सगळा भार एका तपशिलावर आहे: झरा दाराच्या बाहेर आहे आणि दार संध्याकाळी बंद होतं. झरा शहराच्या आत असता तर गोष्टच उभी राहत नाही. आणि आज तुम्ही तिथे उभे राहिलात तर नेमकं हेच दिसतं. दरीचं तोंड मागे, कुंडं बाहेर. कुंडांपासून चालत काही मिनिटांवर वेणुवन आहे, बिंबिसारानं बुद्धाला दिलेलं बांबूचं वन. म्हणजे भिक्षूंचा मुक्काम पाण्याला लागून. ते तिथे रोज का जाऊन बसायचे याला वेगळं स्पष्टीकरण नको. मगधातली पौषातली थंडी ज्यांनी अनुभवली आहे ते तर त्यांना लगेच माफ करतील.

तपोदेवरची दुसरी एक आठवण फार साधी आहे. समिद्धी नावाचा भिक्षू पहाटे उठून तपोदेवर गेला, न्हाला, बाहेर आला आणि एका वस्त्रात अंग वाळवत उभा राहिला. पुढे एक देवता येते, धर्माची चर्चा होते, ते सगळं सोडा. ओल्या अंगानं पहाटे उभा असलेला तो माणूस आज सकाळी पाच वाजता गेलात तरी तिथे असतो. आता फक्त गमछा असतो.

बुद्धाच्या निर्वाणानंतर पहिली संगीती राजगृहाला भरली. परंपरेनं तिची जागा वैभाराच्या वरच्या अंगाला, सप्तपर्णी गुहेत दाखवली जाते. कुंडांपासूनच तिकडे चढत जाणारी वाट आहे. त्या संगीतीत उपालीनं विनय म्हणून दाखवला. परंपरा धरून चाललं, तर ज्या पाण्यामुळे आंघोळीचा नियम झाला त्याच पाण्याच्या वर, त्याच डोंगरावर, तो नियम पहिल्यांदा साऱ्या संघासमोर म्हटला गेला. खाली लोक तेव्हाही न्हात असणार.

इथे एक आडवाट घेतो, कारण ती आपल्या मुलखाकडे जाते. महाकात्यायन हा बुद्धाचा शिष्य अवंतीत राहत होता. त्यानं सोण नावाच्या आपल्या शिष्यामार्फत बुद्धाकडे काही मागण्या पाठवल्या. विनयाच्या महावग्गात त्या आहेत. अवंती-दक्षिणापथातली जमीन काळी आणि टणक आहे, गुरांच्या खुरांनी तुडवून खडबडीत झालेली आहे, तेव्हा जाड तळाच्या वहाणांची परवानगी द्यावी. आणि तिथली माणसं आंघोळीला फार महत्त्व देणारी, पाण्यानं शुद्धी होते असं मानणारी आहेत, तेव्हा तिथे नेहमी आंघोळ करायला परवानगी द्यावी. बुद्धानं दोन्ही मान्य केलं. राजगृहात पंधरा दिवसांनी एकदा आणि दक्षिणापथात रोज! अवंती म्हणजे माळवा, आणि दक्षिणापथ हा शब्द बराच सैल आहे, त्यामुळे 'हे आपलेच पूर्वज' असं म्हणायची घाई नको. पण वैशाखात काळ्या रानात फुटलेल्या ढेकळांवरून जो अनवाणी चालला आहे, त्याला वहाणांची ती मागणी लगेच पटेल.

पाणी गरम का, हा प्रश्न तेव्हाही पडत होता. मोग्गल्लान एकदा म्हणाला, ही तपोदा ज्या डोहातून येते तो डोह थंड, स्वच्छ आणि गोड पाण्याचा आहे. भिक्षू चिडले. हे पाणी तर उकळतं आहे, हा खोटं बोलतो, असं म्हणाले. तेव्हा बुद्धानं सांगितलं, तो खरंच बोलतो, पण हे पाणी दोन महानरकांच्या मधून वाहत येतं म्हणून तापतं. जैनांच्या भगवतीसूत्रातही वैभाराजवळच्या गरम झऱ्याची चर्चा आहे. म्हणजे राजगृहात जमलेल्या निरनिराळ्या पंथांना हा झरा एक कोडं म्हणून समोर होता, आणि त्यावर वाद घालणं चालू होतं.

आज भूशास्त्र काय सांगतं? इथे ज्वालामुखी नाही. डोंगर क्वार्टझाइट या कठीण, जुन्या खडकाचे आहेत आणि त्या खडकाला भेगा आहेत. पावसाचं थंड पाणी भेगांतून खोल उतरतं. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. पाणी खाली तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. ब्रह्मकुंडात ते सुमारे ४५ अंशांचं असतं. कोकणात तुरळ-राजवाडी, उन्हवरे, किंवा ठाणे-पालघरकडे वज्रेश्वरी-गणेशपुरी, इथेही असाच प्रकार आहे, खडक फक्त वेगळा. आता नरक बाजूला काढा आणि मोग्गल्लानाची गोष्ट पुन्हा बघा. उगमाशी थंड, वाटेत तापलेलं, बाहेर येताना गरम. सांगाडा बरोबर आहे! आम्ही हे 'प्राचीनांना सगळं ठाऊक होतं' या चालीवर सांगत नाही. त्या चालीचा आम्हाला कंटाळा आहे. पण 'जमीन मुळातच गरम, म्हणून पाणी गरम' हे सोपं उत्तर सोडून कुणीतरी पाण्याच्या प्रवासाचा विचार केला, एवढं श्रेय द्यायला हवं.

पुढे राजधानी हलली. आधी डोंगरांबाहेर, उत्तरेला नवं राजगृह वसलं. त्याचे मातीचे आणि दगडी तट आजच्या गावाजवळ दिसतात. ते कुणी वसवलं याबद्दल दोन परंपरा आहेत, एकीत बिंबिसार, दुसरीत अजातशत्रू. ह्युएनत्संगानं ऐकलेली कथा अशी: शहरात वरचेवर आगी लागत. राजानं कायदा केला, ज्याच्या घरातून आग सुरू होईल त्यानं स्मशानात जाऊन राहायचं. पुढची आग राजवाड्यातूनच लागली. राजा स्वतःच स्मशानात राहायला गेला आणि त्याच्याभोवती नवं शहर उभं राहिलं. त्यानंतर, अजातशत्रूचा मुलगा उदायी याच्या वेळी, राजधानी पाटलीपुत्राला गेली. मोठ्या साम्राज्याला डोंगराआडची दरी पुरत नाही, गंगेचा घाट लागतो. इथून पुढे राजगृह राजकारणातून संपलंच.

इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फाहियान आला तेव्हा डोंगरांमधलं जुनं शहर ओसाड होतं, तिथे माणूस राहत नव्हता. सातव्या शतकात ह्युएनत्संग आला. नव्या राजगृहातही त्याला फक्त ब्राह्मणांची सुमारे हजार घरं सांगितली गेली. आणि याच ह्युएनत्संगानं झऱ्यांचं वर्णन काय केलंय? झऱ्यांच्या तोंडांना कोरीव दगड बसवलेत, कुठे सिंहाचं मुख, कुठे पांढऱ्या हत्तीचं. दगडी पन्हळींतून पाणी वरून आणलंय आणि खाली दगडी टाकी आहेत. निरनिराळ्या देशांतून आणि गावांतून लोक न्हायला येतात आणि जुनी दुखणी घेऊन आलेले बरे होऊन जातात.

ही दोन चित्रं एकमेकांशेजारी ठेवा. शहर मेलेलं आहे, आणि त्याच्या दाराशी गर्दी आहे. कुणीतरी खर्च करून सिंहमुखं बसवतंय. दुकानं असणार, राहण्याची सोय असणार, वाट दाखवणारे असणार. आमच्या मते राजगृहाच्या आठवणी टिकल्या त्या या गर्दीमुळे. न्हायला आलेला माणूस विचारतो, तो वर दगडांचा ढीग कसला? तिथला माणूस काहीतरी सांगतो. जरासंध सांगेल, बिंबिसार सांगेल, मुनी सांगेल. चुकीचं सांगेल, पण जागेला नाव राहतं. ज्या उजाड राजधान्यांना असा झरा मिळाला नाही त्यांच्यावर शेतं झाली आणि नावंसुद्धा नांगराखाली गेली.

हाच क्रम पुढे चालू राहिला. महावीरांचे चौदा वर्षावास राजगृह-नालंदा परिसरात झाले, म्हणून जैन यात्रेकरू पाचही डोंगर चढत राहिले. चौदाव्या शतकात शरफुद्दीन याह्या मनेरी हे मोठे सूफी संत इथल्या रानात एकांतात राहिले. विपुल डोंगराच्या पायथ्याचं कुंड त्यांच्या नावानं मखदूम कुंड झालं. त्याचं आधीचं नाव शृंगी ऋषी कुंड. हिंदू आजही तेच नाव घेतात. पाणी एक, नावं दोन. इसिगिली सुत्त ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

१८१२ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन कंपनी सरकारसाठी पाहणी करत आला, तेव्हा त्याला इथे उत्खनन नव्हतं, फलक नव्हते. कुंडं होती, पंडे होते आणि त्यांच्या तोंडी कथा होत्या. १८६१-६२ मध्ये कनिंगहॅम आला तो ह्युएनत्संगाचं भाषांतर हाताशी घेऊन. 'उत्तर दाराच्या पश्चिमेला गरम झरे' असं पुस्तकात आहे, आणि झरे तर समोर वाहताहेत. तिथून बाकीच्या जागा मोजत जाता येतात. शहराचं दार पडलं होतं, स्तूप ढासळले होते, पण नकाशातली ही एक खूण हललेली नव्हती.

आता अधिक महिन्याकडे येऊ. आपल्याकडे याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलावून धोंडे वाढायचे, अनारशांचं वाण द्यायचं. उत्तरेत त्याला मलमास म्हणतात, आणि मलमासात राजगीरला महिनाभर मोठी जत्रा भरते. २०२३ च्या अधिक श्रावणात ती भरली होती. श्रद्धा अशी, की या महिन्यात तेहतीस कोटी देव राजगीरला मुक्कामाला असतात. ब्रह्मदेवाच्या वंशातल्या वसू राजानं इथे यज्ञ केला, देवांच्या स्नानासाठी कुंडं निर्माण झाली, सगळ्यांना आमंत्रण गेलं आणि कावळ्याचं राहिलं. म्हणून जत्रेच्या महिन्यात राजगीरला कावळा दिसत नाही म्हणतात. लोकांच्या मोजणीत इथे २२ कुंडं आणि ५२ धारा आहेत. सप्तधारेखाली उभं राहायला तेव्हा पहाटेपासून रांगा लागतात. ज्या महिन्यात लग्न-मुंज काही करायचं नाही, त्या उरलेल्या महिन्याला हक्काचं ठिकाण म्हणून लोकांनी एक उजाड राजधानी निवडली, हे आम्हाला फार आवडतं.

आता जरा अवघड भाग. ह्युएनत्संगाला सांगितलं गेलं होतं, की पूर्वी इथे पाचशे झरे होते, आता काही दहाच उरलेत आणि त्यातलेही काही थंड आहेत. म्हणजे 'पूर्वी भरपूर होतं' ही तक्रार किमान तेराशे वर्षं जुनी आहे. त्यामुळे आज कुणी तसं म्हणालं तर इतिहासकारानं लगेच मान डोलावू नये. पण आजच्या तक्रारीत एक गोष्ट नवी आहे. गेल्या काही वर्षांत उन्हाळ्यात काही कुंडांची धार बारीक झाल्याच्या, काही कोरडी पडल्याच्या बातम्या वारंवार आल्या, आणि त्या बातम्यांत बोट बोअरवेलकडे दाखवलेलं असतं. गाव वाढलं, हॉटेलं वाढली, प्रत्येकानं आपापलं भोक पाडलं. जे पाणी भेगेतून वर यायचं ते पंपानं आधीच ओढलं गेलं, तर कुंडापर्यंत काय पोचणार?

नोव्हेंबर २०२२ मध्ये राजगीरला गंगेचं पाणी नळानं आलं. मोकाम्याजवळच्या हाथीदहहून ते पाइपलाइननं आणलं जातं, पुढे गया-बोधगयेलाही जातं. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न त्यामुळे हलका होईल आणि जमिनीखालचा उपसा कमी होईल, असा हिशेब आहे. राजधानी एकदा गंगेकडे गेली होती. आता गंगा इकडे आली. उपसा खरोखर थांबला का, हे कुंडांच्या धारेवरूनच कळेल, आणि त्यासाठी ती धार वर्षानुवर्षं कुणीतरी मोजत राहायला हवी.

इथे पुरातत्त्वाच्या कायद्याची मर्यादा लक्षात घ्या. भिंतीला कुंपण घालता येतं, फलक लावता येतो, रखवालदार ठेवता येतो. मणियार मठावर छप्पर घालता आलं. झऱ्याचं तसं नाही. त्याची 'वास्तू' म्हणजे डोंगरावर पडणारा पाऊस, तो मुरवणारं रान आणि शेकडो मीटर खोल गेलेल्या भेगा. कुंडाच्या फरश्या कितीही चकचकीत केल्या, आणि त्या वरचेवर केल्या जातात, तरी जपायची गोष्ट त्या फरश्यांच्या खाली आणि डोंगराच्या वर आहे. चौथऱ्याचा एक दगड कुणी काढला तर गुन्हा होतो. झऱ्याचं पाणी मैलभर अंतरावरून कुणी ओढलं तर कुठल्या वहीत नोंद होते?

वेळ होत आला. एका ताईंनी विचारलंय, स्नान आधी की डोंगर आधी? आमचं मत असं, की गृध्रकूट सकाळी उन्हं चढायच्या आत करा. वाट बिंबिसारानं बांधलेली म्हणून ओळखली जाते. ह्युएनत्संगानं त्या वाटेवर दोन छोटे स्तूप सांगितलेत: एक, जिथे राजा वाहनातून उतरून पायी निघाला, दुसरा, जिथून त्यानं बरोबरच्या लोकांना परत पाठवलं. रत्नागिरीवरचा पांढरा विश्वशांती स्तूप १९६९ चा, जपानी भिक्षूंच्या पुढाकारानं झालेला. रोपवेनं जायचं तर तिकडूनही गृध्रकूटाला उतरता येतं, पण ती राजाची वाट हुकते. दुपारी दरीतले अवशेष करा. तिथे टांगे मिळतात, टांग्यानंच फिरा. गाडीतून तट दिसत नाही. कुंडांवर तिसऱ्या प्रहरी या. कपडे बदलायची सोय यथातथा असते, म्हणून पंचा आणि जादा कपडे जवळ ठेवा. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी ४५ अंशांच्या पाण्यात एकदम उतरू नये, आधी पाय सोडून बसावं. आणि सिलावचा खाजा घ्यायचा असेल तर ते गाव राजगीरच्या उत्तरेला, नालंदेच्या रस्त्यावर आहे. बोधगयेकडे परत वळलात की ते लागत नाही, तेव्हा ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा.